नर्मदेकाठचं महेश्वर किती जुनं आहे आणि तिथली लोकसंख्या किती?

२०११ च्या जनगणनेत महेश्वरची लोकसंख्या सुमारे २४ हजार होती. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आजही तोच आकडा धरला जातो. गाव मध्य प्रदेशच्या खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे.

वस्ती मात्र फार जुनी. नदीपलीकडच्या नावडातोलीला १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरं आणि रंगीत मडकी सापडली. महेश्वरला जाणारे बहुतेक जण घाट पाहून परततात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आज दिसणाऱ्या गावावर ठसा आहे तो अहिल्याबाई होळकरांचा. १७६७ मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांनी इथे राजधानी केली, घाट आणि देवळं बांधवली, बाहेरून विणकर आणून वसवले. १७९५ मध्ये त्या इथेच वारल्या. १८१८ मध्ये राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर लहानच राहिलं. हातमाग मात्र अजून चालतात. माहेश्वरी साडीच्या काठावर घाटाच्या दगडातलीच नक्षी उतरलेली दिसते.