वाचकांचे प्रश्न : दहशतवादी हल्ल्यानंतरची कागदपत्रे, भरपाई आणि खटला

गेल्या महिन्यात या सदरासाठी दहशतवादी हल्ल्यांबद्दल बरीच पत्रे आली. हल्ले कोण करतो आणि का करतो, यावर वर्तमानपत्रांतून भरपूर छापून येते. जखमी माणसाच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या खिडकीवर जायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून इथे तशाच प्रश्नांना जागा दिली आहे.

प्रश्न : स्फोटात जखमी झालेल्याला किंवा मृताच्या कुटुंबाला सरकारकडून नेमके काय मिळते? मंत्री जाहीर करतात ती रक्कम आणि योजनेची रक्कम एकच असते का? (मालेगाव)

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंत्री जाहीर करतात ते सानुग्रह अनुदान. त्याचा आकडा त्या-त्या वेळी ठरतो. 22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये 26 जण मारले गेले. त्यांतल्या महाराष्ट्रातल्या सहा कुटुंबांना राज्य मंत्रिमंडळाने प्रत्येकी 50 लाख रुपये जाहीर केले. दुसऱ्या हल्ल्यात हाच आकडा असेल असे नाही, आणि तसा हक्क सांगताही येत नाही.

हक्काने मागता येते ती केंद्रीय गृह मंत्रालयाची योजना. दहशतवादी, जातीय आणि नक्षलवादी हिंसाचारातल्या नागरी बळींसाठी ती 1 एप्रिल 2008 पासून लागू आहे. तिच्यात सुरुवातीला तीन लाख रुपये मिळत, 2016 मध्ये ते पाच लाख झाले. मृत्यू झाला असेल किंवा 50 टक्के वा त्याहून जास्त कायमचे अपंगत्व आले असेल तरच ही रक्कम मिळते. पैसे हातात येत नाहीत. लाभार्थ्याच्या नावाने बँकेत मुदतठेव होते, तिला तीन वर्षे हात लावता येत नाही आणि व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा होते. राज्याकडून सानुग्रह मदत मिळाली म्हणून या योजनेचा अर्ज बाद होत नाही. केंद्राच्याच दुसऱ्या तशाच योजनेतून रक्कम मिळाली असेल, तर मात्र होतो.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तो तपासते. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल किंवा अपंगत्वाचे प्रमाणपत्र, वारसाचा पुरावा आणि बँकेचे तपशील जोडावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. साहेब बदलले की फाइल हरवते, आणि तेव्हा तो आवक क्रमांक हाच एक आधार उरतो.

अर्ज अडतात ते बहुतेक 50 टक्क्यांच्या अटीवर. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते, आणि ते ठरवताना पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर काय लिहिले आहे ते पाहते. स्फोटात हातपाय तुटले तर ते सगळ्यांना दिसते. कानाचा पडदा फाटला तर दिसत नाही. गडबडीत डॉक्टर फक्त टाक्यांची नोंद करतात, कानातून आवाज येत असल्याचे रुग्ण आठवड्याने सांगतो, आणि वर्षभराने बहिरेपण आले तर ते स्फोटामुळेच आले हे दाखवायला कागद नसतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच कान, डोळे आणि छाती तपासून घ्या आणि प्रत्येक तक्रार केसपेपरवर लिहवून घ्या. रुग्णालय खासगी असले तरी पोलिसांना कळवून एमएलसी नोंद (पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयाने करायची नोंद) झाली आहे ना, हे विचारा आणि तिचा क्रमांक उतरवून ठेवा. शरीरातून काढलेला छर्रा किंवा खिळा घरी नेऊ नका. तो बाटलीत सीलबंद करून पोलिसांकडेच गेला पाहिजे.

प्रश्न : हल्ला रेल्वेत किंवा स्टेशनवर झाला तर रेल्वे वेगळी भरपाई देते का? (डोंबिवली)

देते, आणि बहुतेकांना हे माहीत नसते. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124-अ नुसार दहशतवादी कृत्य, गोळीबार, दंगल यांत प्रवासी दगावला किंवा जखमी झाला तर रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. गाडीतच घडले पाहिजे असेही नाही. स्टेशनच्या आवारात, फलाटावर, प्रतीक्षागृहात किंवा तिकीट-आरक्षण कार्यालयात घडले तरी चालते. 26/11 ला सीएसएमटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये थांबलेल्या माणसांवर गोळीबार झाला. तसा प्रसंग याच कलमात बसतो. मृत्यूसाठी 1 जानेवारी 2017 पासून आठ लाख रुपये ठरलेले आहेत, जखमांसाठी वेगळे दरपत्रक आहे.

दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा, घटनेपासून एका वर्षाच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. माणूस वैध तिकीट, पास किंवा फलाट तिकीट असलेला प्रवासी हवा. तिकीट स्फोटात जळाले, हरवले तर काय? सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितले, की तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. दावेदाराने आधी प्रतिज्ञापत्र द्यायचे, पुढे खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. तरीही यूपीआयवरून पास काढल्याची नोंद, अ‍ॅपमधले तिकीट, कार्यालयाचे हजेरीपत्रक हे सगळे लगेच जपून ठेवा. मृताचा मोबाइल पोलिसांनी जप्त केला असेल तर पंचनाम्यात त्याची नोंद आहे ना, तेवढे बघा.

प्रश्न : 2006 च्या लोकल स्फोटांतले आरोपी 19 वर्षांनी सुटले, मालेगावचेही सुटले. मग इतकी वर्षे केले काय? (पुणे)

या प्रश्नातला संताप रास्त आहे. पण निकालात काय म्हटले आहे ते आधी पाहू, कारण दोष नेमका तिथेच दिसतो.

11 जुलै 2006 ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले. 180 हून अधिक माणसे मेली. 2015 मध्ये विशेष मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. निकालातली कारणे अशी. आरोपींना पाहिल्याचे सांगणारे टॅक्सीचालक साक्षीदार शंभरहून अधिक दिवस गप्प राहिले होते. ओळखपरेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला तसा अधिकार नव्हता. कबुलीजबाब विश्वासार्ह ठरले नाहीत. जप्त केलेला माल योग्य तऱ्हेने सीलबंद ठेवलेला नव्हता, आणि वापरलेला बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

मालेगावला 29 सप्टेंबर 2008 च्या स्फोटात सहा जण मेले. 31 जुलै 2025 ला विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) न्यायालयाने सातही आरोपींना मुक्त केले. बॉम्ब त्याच मोटारसायकलवर होता हे सिद्ध झाले नाही, घटनास्थळ नीट बंदिस्त केले नव्हते, आणि यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) लावण्याची मंजुरीच सदोष निघाली. काही वैद्यकीय प्रमाणपत्रांत फेरफार असल्याचे सांगून न्यायालयाने जखमींची संख्या 101 ऐवजी 95 धरली. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना 50 हजार रुपये देण्याचा आदेशही त्याच निकालात आहे.

मंजुरीचे प्रकरण समजून घ्या, कारण आजही खटले तिथे घसरतात. यूएपीएच्या कलम 45 प्रमाणे सरकारच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. 2008 च्या नियमांनुसार स्वतंत्र प्राधिकाऱ्याने कामाच्या सात दिवसांत पुरावा तपासून शिफारस करायची आणि सरकारने पुढच्या कामाच्या सात दिवसांत निर्णय द्यायचा. पुरावा न वाचता छापील मजकुरावर सही झाली, की बचावाचा वकील बरोबर तिथेच बोट ठेवतो. मुद्देमालाचेही तसेच. घटनास्थळावरची माती आणि कापूस वेगवेगळ्या पाकिटांत, पंचांच्या सह्यांच्या लेबलसह, लाखेची मोहोर लावून तिथल्या तिथे बंद व्हायला हवा. पाकीट उघडे पोलीस ठाण्यात गेले तर प्रयोगशाळेत सापडलेले अंश कुठून आले, हा प्रश्न कायम राहतो. निरपराध माणूस वर्षानुवर्षे कोठडीत सडतो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो, दोन्ही याच ढिलाईतून होते. मृतांच्या नातलगांना ना शिक्षा पाहायला मिळते, ना सत्य कळते. हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे, आणि त्याला फक्त न्यायालये जबाबदार नाहीत.

प्रश्न : निर्दोष मुक्ततेविरुद्ध पीडितांना अपील करता येते का? (मालेगाव)

येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 413 नुसार पीडिताला हा हक्क आहे, आणि मृताचे वारस पीडितातच मोडतात. एनआयए कायद्याखालच्या खटल्यात मुदत 30 दिवसांची आहे. त्यानंतर कारण दाखवून 90 दिवसांपर्यंत जाता येते, त्यापुढे वाद सुरू होतो. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका. ज्यांचा जबाब नोंदला गेला आहे त्यांची बाजू भक्कम असते. तुमचा जबाब घेतलाच नसेल तर खटला चालू असतानाच लेखी अर्ज द्या.

प्रश्न : मी प्रत्यक्षदर्शी आहे, पण साक्ष द्यायला भीती वाटते. (नाव-गाव न छापण्याची विनंती)

2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा स्तरावरच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त धोक्याचा अहवाल देतात, त्याला साधारण पाच कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. घराजवळ गस्त, न्यायालयात पोहोचवणे-आणणे, फोन क्रमांक बदलणे, गरज पडली तर राहण्याची जागा बदलणे, अशी मदत मिळू शकते. यूएपीएच्या कलम 44 खाली साक्षीदाराचे नाव-पत्ता निकालपत्रातसुद्धा लपवता येतो. तो अर्ज साक्षीच्या आधी व्हायला हवा. नाव एकदा वर्तमानपत्रात आले की आदेशाचा उपयोग राहत नाही.

प्रश्न : दुकानाचा आगविमा आहे. स्फोटात नुकसान झाले तर चालेल का? (सोलापूर)

ते पॉलिसीवर अवलंबून आहे. 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर पुनर्विमा कंपन्यांनी (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी) हात आखडल्यावर 2002 पासून भारतात दहशतवादाच्या जोखमीसाठी वेगळा निधी आहे, आणि अनेक पॉलिसींत ते संरक्षण जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागते. पॉलिसीच्या परिशिष्टात 'टेररिझम' हा शब्द आहे का ते आजच पाहा. घरातल्या पात्र माणसांचा वर्षाला 20 रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा चालू ठेवा. दोन लाखांच्या त्या विम्यात खुनामुळे झालेला मृत्यूही धरला जातो.

प्रश्न : स्फोट झाला आणि आपण तिथेच आहोत, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावे? (ठाणे)

तिथून लांब जा, कारण दुसरा स्फोट होऊ शकतो. जाता-जाता जमेल त्याला सोबत घ्या. पडलेली पिशवी, डबा उचलू नका, त्यावर पाणी-वाळू टाकू नका. 112 ला फोन करा, रेल्वेत असाल तर 139 ला, पण तोही संशयास्पद वस्तूपासून दूर जाऊन.

सुरक्षित अंतरावर आलात की ज्याचे रक्त धारेने वाहते आहे त्याच्याकडे आधी वळा. ओरडणारा माणूस श्वास घेतो आहे, गप्प पडलेल्याकडे लक्ष द्या. जखमेवर स्वच्छ कापडाने दोन्ही हातांनी सरळ दाब द्या आणि थांबले का ते बघायला सारखे उचलू नका. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, कोपर-गुडघा टाळून, चार बोटे रुंद पट्टी बांधा. गाठीत पेन किंवा काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. दोरी, वायर किंवा नाडी वापरू नका, ती मांस कापते आणि रक्त थांबवत नाही. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहा आणि रुग्णालयापर्यंत ती सोडू नका. रुतलेला काच-पत्रा उपसू नका. अंगावर जखम नसूनही ज्याला धाप लागते किंवा खोकल्यातून रक्त येते, त्याला घरी पाठवू नका. स्फोटाच्या दाबाने फुप्फुसाला इजा झालेली असू शकते.

रुग्णालय 'आधी पोलीस आणा' म्हणाले तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे, की पोलिसी कागदपत्रे नंतर, उपचार आधी.