क्रूझची अनामत आणि जहाजावरचे खाते : वाचकांचे प्रश्न

क्रूझवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढते आहे, आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांवरून दिसते की मंडळींना समुद्राची भीती वाटत नाही, पैशांच्या व्यवहाराची वाटते. ही भीती अनाठायी नाही. विमानाचे तिकीट एकदा घेतले की व्यवहार संपतो. क्रूझमध्ये मात्र पैसे अनामत, उर्वरित रक्कम आणि जहाजावरचा खर्च अशा तीन टप्प्यांत जातात, आणि प्रत्येक टप्प्याचे नियम वेगळे असतात. या वेळी निवडलेले चार प्रश्न याच विषयाचे आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. पुढच्या हिवाळ्यात सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझसाठी एजंटने आजच अनामत भरायला सांगितले आहे, कारण सवलत उद्या संपते. ही रक्कम परत मिळणार नाही असेही तो म्हणतो. प्रकृतीमुळे जाता आले नाही तर सगळेच पैसे बुडतील का? (एक वाचक, नाशिक)

आपल्या प्रश्नाच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न आहे, तो म्हणजे ही अनामत नेमकी कोण घेत आहे. जहाज कंपनीची अनामत ही ठरलेली रक्कम असते. ती बहुधा माणशी आणि रात्रींच्या संख्येनुसार आकारली जाते, आणि तिच्या अटी बुकिंगच्या कागदावर लिहिलेल्या असतात. एजंट त्याखेरीज स्वतःची आगाऊ रक्कम घेऊ शकतो, आणि ती त्याच्या अटींवर चालते. बहुतेक तक्रारींचे मूळ या दोहोंची सरमिसळ होण्यात असते. म्हणून पैसे देताना एजंटकडून त्याच्या पावतीबरोबर जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक अवश्य मागावा. तो क्रमांक आणि आडनाव कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर घातले की आपली केबिन खरोखर राखली गेली आहे की नाही, हे बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत घरबसल्या पाहता येते. क्रमांक द्यायला चालढकल होत असेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे.

आता परताव्याविषयी. पुष्कळ कंपन्या एकाच केबिनसाठी दोन प्रकारचे दर ठेवतात. एकात अनामत परत मिळते आणि भाडे थोडे जास्त असते. दुसऱ्यात भाडे कमी असते, पण रद्द केल्यास अनामत जाते, आणि तारीख बदलायची झाली तरी माणशी शुल्क द्यावे लागते. एजंट अनेकदा दुसराच दर सांगतात, कारण आकडा लहान दिसतो. साठीच्या पुढच्या जोडप्याने दोन्ही दर लेखी मागवून त्यांतील फरक पाहावा. तो फरक अनामतीच्या रकमेच्या तुलनेत किरकोळ असेल, तर परत मिळणारा दरच घ्यावा. उर्वरित रक्कम भरण्याची मुदत साधारणपणे जहाज सुटण्यापूर्वी ७५ ते ९० दिवस असते, आणि एजंट ती आणखी आधीची ठरवतात. ही मुदत उलटल्यावर रद्द केल्यास कपात पायरीपायरीने वाढत जाते, आणि शेवटच्या टप्प्यात भाड्यातले काहीच परत मिळत नाही. बंदराचे कर आणि शासकीय शुल्क मात्र प्रवास न केल्यास सहसा परत केले जातात. ते कोणी आपणहून देत नाही, त्यामुळे मागून घ्यावेत. प्रकृतीचे कारण आधीपासूनच मनात असेल, तर प्रवास विमा अनामत भरल्यावर लगेच घ्यावा आणि त्यात जुन्या आजारांविषयी काय लिहिले आहे ते शब्दशः वाचावे, कारण ट्रिप रद्द होण्याची भरपाई याच कलमावर अडते.

भारतातील एजंटकडून परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, कापला जातो, आणि तो अनामतीच्या हप्त्यावरही लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा दर ७ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के करण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा १० लाखांवर नेण्यात आली, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात दर सरसकट २ टक्के करण्यात आला. अर्थसंकल्पागणिक हे आकडे बदलतात, त्यामुळे भरतानाचा दर विचारून घ्यावा. ही रक्कम खर्च समजू नये. ती आपल्या पॅनवर जमा होते, वार्षिक करपत्रकात दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती करता येते. निवृत्तांचे करदायित्व शून्य असेल, तर परतही मिळते. त्यासाठी पॅन मात्र बरोबर नोंदवलेला हवा.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने सिॲटलहून निघणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ आम्हा सर्वांसाठी काढली आहे. जहाजावरच्या खर्चासाठी तो स्वतःचे कार्ड लावतो म्हणतो, पण आम्हाला आमचा खर्च आमचाच करायचा आहे. आमच्याकडे बँकेचे डेबिट कार्ड आणि डॉलर भरलेले फॉरेक्स कार्ड आहे. रोख ठेवही चालते असे ऐकले. काय करावे? (एक वाचक, पुणे)

जहाजावर रोकड जवळजवळ चालत नाही. प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड किंवा बिल्ला मिळतो. रॉयल कॅरिबियन कंपनी त्याला सीपास म्हणते, कार्निव्हलचे खाते सेल अँड साइन या नावाने ओळखले जाते, तर प्रिन्सेसकडे मेडॅलियन असते. खोलीचे दार, जहाजावर ये-जा आणि खरेदी हे सारे त्यावरच होते, आणि खर्च खोलीच्या खात्यावर लिहिला जातो. या खात्यामागे पैशांचा कोणता स्रोत लावायचा, हाच आपला खरा प्रश्न आहे.

डेबिट कार्ड लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. कार्ड नोंदवताना आणि पुढे खर्च वाढेल तसतसा जहाज कंपनी बँकेकडे ठरावीक रकमेचा होल्ड मागते, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवायला सांगते. क्रेडिट कार्डावर हा होल्ड फक्त मर्यादेतून अडवला जातो. डेबिट कार्डावर मात्र आपल्या बचत खात्यातले खरे पैसे अडकतात. प्रवास संपल्यावर प्रत्यक्ष बिल वेगळे वजा होते आणि आधीचे होल्ड सुटायला बँकेनुसार कित्येक दिवस लागतात, त्यामुळे त्या काळात एकाच खर्चासाठी दोनदा पैसे गेल्यासारखे दिसते. ते गेलेले नसतात, पण परदेशात खाते रिकामे दिसले की माणूस घाबरतो, आणि त्याच दिवसांत परतीचे हॉटेल किंवा औषधे यांसाठी पैसे लागतात. फॉरेक्स कार्डाचेही तेच, शिवाय काही कंपन्या प्रीपेड कार्डे खात्यामागे लावूच देत नाहीत. आपले फॉरेक्स कार्ड किनाऱ्यावरच्या खर्चासाठी राखावे. अलास्कातल्या जूनो किंवा केचिकन बंदरांतील दुकानांत ते उत्तम चालेल.

रोख ठेवीचा मार्ग आहे आणि तो स्वावलंबी माणसांसाठी चांगला आहे. जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेसच्या, म्हणजे प्रवासी मदत केंद्राच्या, खिडकीवर डॉलर जमा करायचे, त्याची पावती घ्यायची आणि जमा रकमेपुरता खर्च करायचा. शिल्लक शेवटच्या रात्री किंवा उतरण्याच्या सकाळी रोख परत मिळते. पण रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची टिप, आधी भरलेली नसेल तर याच ठेवीतून आपोआप वजा होते. अमेरिकी कंपन्यांत साध्या केबिनला ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर असते, म्हणजे दोघांचे सात रात्रींचे सुमारे २२५ ते २८० डॉलर काहीही विकत न घेताच जातात. तीनशे डॉलर भरून निर्धास्त राहिलेल्या प्रवाशाचे खाते तिसऱ्या-चौथ्या दिवशी बंद पडते ते यामुळे. ग्रॅच्युइटी मुलाने बुकिंगबरोबर आधीच भरावी आणि आपण रोख ठेव फक्त वरच्या खर्चासाठी ठेवावी, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. तिच्यात मुलाचाही मान राहतो आणि आपलाही.

अडचण एकच आहे, ती म्हणजे जहाजावरचा दवाखाना. तिथली तपासणी, सलाइन, इंजेक्शने यांचे बिल याच खात्यावर पडते आणि ते मोठे असते. आपला भारतातला मेडिक्लेम तिथे बहुधा उपयोगी पडत नाही. प्रवास विमा कंपनीकडून भरपाई नंतर मिळते, पैसे आधी द्यावे लागतात. म्हणून एखादे क्रेडिट कार्ड, आपले किंवा मुलाचे, आणीबाणीसाठी हाताशी असू द्यावे. भारतीय कार्ड असल्यास निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून मर्यादा वाढवून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते. जहाज कंपनीच्या ॲपवर कार्ड नोंदवताना ओटीपी येऊ शकतो, म्हणून हे काम घरी, आपले सिम चालू असतानाच उरकावे.

विषयाला धरूनच एक इशारा. सिॲटलहून निघणारी अलास्काची जहाजे कॅनडातील बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबतात, कारण अमेरिकेचा १८८६ चा जहाजवाहतूक कायदा परदेशी ध्वजाच्या जहाजांना दोन अमेरिकी बंदरांदरम्यान परदेशी थांबा न घेता प्रवासी नेऊ देत नाही. भारतीय पारपत्र आणि केवळ अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असलेल्यांना त्या थांब्यासाठी कॅनडाचा व्हिसाही लागतो. तो नसेल तर जहाजावर चढू दिले जात नाही आणि कागदपत्रांअभावी बुडालेले भाडे परत मिळत नाही. मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर त्याला ही अट नाही, त्यामुळे त्याच्या लक्षातून हे सुटण्याचा संभव आहे. आजच विचारा.

प्रश्न : दोन केबिन घेतल्या आहेत, एकीत आम्ही, दुसरीत कॉलेजमधली मुलगी आणि शाळेतला मुलगा. मुलांचा खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून काय करता येते? (एक वाचक, डोंबिवली)

दोन्ही केबिनची खाती एका कार्डाला जोडता येतात, आणि तरीही प्रत्येकाचा खर्च वेगळा दिसतो. पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला सांगून मुलाच्या कार्डाची खरेदी बंद करावी किंवा तिला रोजची मर्यादा घालावी. ही सोय जवळजवळ सर्व कंपन्या देतात. व्हिडिओ गेमचे दालन हे लहान मुलांचे मुख्य गळतीस्थान आहे, कारण तिथे प्रत्येक खेळाला कार्ड टेकवले की पैसे लागतात आणि रक्कम समोर दिसत नाही. मुलीला मर्यादा घालण्यापेक्षा ॲपवर खाते पाहायला शिकवावे, ते अधिक शोभेल. जहाजावरच्या दरफलकावरील किमतीवर पेयांसाठी १८ ते २० टक्के सेवाशुल्क चढते, हे दोघांनाही आधी सांगून ठेवावे.

प्रश्न : बुकिंगबरोबर आम्हाला १०० डॉलरचे ऑनबोर्ड क्रेडिट मिळाले आहे. ते रोख मिळते का? आणि शेवटच्या दिवशीच्या बिलात चुका असतात असे ऐकले, ते खरे आहे का? (एक वाचक, दुबई)

हे क्रेडिट, म्हणजे जहाजावरच्या खर्चासाठी आपल्या खात्यावर आधीच जमा केलेली रक्कम, दोन प्रकारचे असते. एक प्रकार न वापरल्यास परत मिळतो. दुसरा, आणि सवलत म्हणून दिला जाणारा बहुधा हाच असतो, प्रवास संपताच संपतो. आपला कोणता हे पहिल्या दिवशीच विचारावे. परत न मिळणारा असेल, तर तो ग्रॅच्युइटीकडे वळवता येतो का ते पाहावे, म्हणजे केवळ संपवण्यासाठी नको त्या वस्तू घ्याव्या लागत नाहीत. बंदरातल्या सहली जहाजावर नोंदवल्या तर त्याही यातून जातात. जहाजाचे चलनही तपासावे : सिंगापूरहून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजावरही हिशेब अमेरिकी डॉलरमध्ये होतो, तर भूमध्य समुद्रात एमएससीचा हिशेब युरोत असतो.

बिलातल्या चुका मुद्दाम केलेल्या नसतात, पण त्या होतात : शेजारच्या केबिनचे पेय, दोनदा नोंदलेली मसाजची वेळ, रद्द केलेल्या सहलीचा न आलेला परतावा. शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसेससमोर लांब रांग लागते आणि सकाळी उतरण्याची घाई असते. म्हणून खाते रोज रात्री ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर पाहावे आणि चूक दिसली की दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडकी मोकळी असताना, जावे. सही केलेल्या पावत्या तोवर जपून ठेवाव्यात. जहाज सोडल्यावरही तक्रार करता येते, ईमेलने आणि आवश्यक तर कार्डाच्या बँकेकडे. त्यासाठी अंतिम हिशेबाची प्रत उतरण्यापूर्वीच फोनमध्ये साठवून घ्यावी, कारण प्रवासानंतर काही दिवसांनी ती ॲपवरून दिसेनाशी होऊ शकते.