बालबाजाराचा गल्ला कोणाच्या हातात?

प्रश्न : ३ जानेवारीच्या बालिका दिनापासून आठवडाभर रोज एक उपक्रम घ्यायचा आहे. शेवटच्या दिवशी बालबाजार असतो, पण दरवर्षी विकायला आयाच बसतात आणि मुलं खाण्यातच रमतात. शिवाय अर्ध्या तासात सुटे संपतात. काय करावं?
– शिक्षिका, कोरेगाव तालुका

उत्तर : बाई, सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं. तेव्हा यंदा निदान निम्म्या गाळ्यांचा गल्ला मुलींकडे द्या. आयांना घरी थांबा म्हणू नका, त्यांना गिऱ्हाईक करा. गाळ्यामागे फक्त मुलं, एका गाळ्यावर दोघं : एक माल देणार, दुसरा पैसे घेऊन वहीत लिहिणार. अर्ध्या वेळानं कामं बदलायची. बेरीज चुकली तरी मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. गिऱ्हाईकच सांगेल, आणि ते मुलांच्या कायमचं लक्षात राहील.

सुटे संपतात, कारण सुरुवातीला जो तो शंभराची नाहीतर पाचशेची नोट काढतो. एका गाळ्याला १०० रुपयांची चिल्लर लागते : ५ ची १० नाणी, २ ची १५ आणि १ ची २०. वीस गाळे असतील तर २,००० रुपये होतात. बँकेला चार-पाच दिवस आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी एवढी नाणी मिळत नाहीत. दारातच नोटा मोडून देणारं एक टेबल मांडा, त्याचे सुटे वेगळे धरा आणि तिथे एका शिक्षकांना बसवा. गाळ्यावर ५० च्या वरची नोट घ्यायचीच नाही.

सगळ्या वस्तू १० रुपयांना ठेवू नका, मग हिशेबात काही उरतच नाही. मेथीची जुडी १२, वांगी पावशेर १८ असे दर हवेत. तराजू आदल्या दिवशी तपासा. रिकामा काटा सरळ उभा राहायला हवा. मग एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल घालून काटा जुळवा आणि दोन्हींची पारडी बदला. तरीही काटा मध्येच थांबला तर तराजू खरा.

खरा धडा संध्याकाळच्या हिशेबात आहे. समजा भडंगाच्या गाळ्याला चुरमुरे, शेंगदाणे, तेल, लसूण धरून १८० रुपये खर्च आला आणि २० पुड्या झाल्या. पुडी पडली ९ रुपयांना, विकली १५ ला. सोळा खपल्या. गल्ल्यात ३४० निघाले की मुलं ओरडतात, ‘३४० नफा!’ त्यातून आधी चिल्लरीचे १०० बाजूला काढायला लावा, मग खर्चाचे १८०. हातात राहतात ६० आणि चार पुड्या. घरच्या शेतातली मेथी ‘फुकट’ म्हणून लिहू देऊ नका, तिचाही भाव धरायचा. आईबापांचे कष्ट वहीत एवढे तरी दिसले पाहिजेत.

आणखी एक : भडंग गरम असताना पिशवीत भरलं की वाफ कोंडते आणि चुरमुरे सादळतात. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. शेगडी आणि तळणं शाळेत नकोच.

प्रश्न : त्या दिवशी मुलं भेळ-वडे खातातच. मग पोषण आहार शिजवला नाही तर चालेल का?
– पालक, शाळा व्यवस्थापन समिती, तासगाव तालुका

उत्तर : नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत ते मूल त्या दिवशी उपाशी राहील. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलेलं आहे, ते भेळेतून भागत नाही. जेवण आधी, बाजार नंतर, असा क्रम लावा. तांदूळ हजेरीवर मोजा, पटावर नाही : पट ६२ असून ५८ आली असतील तर ५ किलो ८०० ग्रॅम. हे गणित चौथीची मुलं रोज करू शकतात.

प्रश्न : आठवड्याच्या बातम्यांचा फलक मुलांकडून लिहून घेतो, पण चार दिवसांत अक्षरं उडतात आणि कोणी वाचतही नाही.
– शिक्षक, जत तालुका

उत्तर : साधा स्केचपेन उन्हात फिका पडतो. पक्क्या शाईचा मार्कर वापरा आणि फलक पश्चिमेच्या भिंतीवरून व्हरांड्यात आणा. मथळ्याचं अक्षर इंचभर उंच असेल तर दहा फुटांवरून वाचता येतं. चिकटवायला टाचण्या पुरेत. खळ केलीच तर त्यात मोरचूद घालू नका, ते विषारी असतं.

वाचत नाहीत याचं कारण मजकुरात आहे. ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ ही बातमी नव्हे. ‘तिसरीच्या गाळ्यावर १४ जुड्या शेपू खपला, ३ उरल्या’ ही बातमी. कोणी, काय, कुठे, किती, एवढं चार ओळींत. शुद्धलेखन तुम्ही तपासा, वाक्य मुलाचंच ठेवा. आणि पाहुण्यांच्या सत्काराला एकच ओळ.