म्हादई खोऱ्यातील संशोधनाला आंतरराष्ट्रीय निधी कसा मिळेल?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आपल्या लहान संस्थेला परदेशी विद्यापीठासोबत म्हादई खोऱ्यातील जैवविविधतेचा अभ्यास करायचा आहे, आणि त्यासाठी निधी कुठून मिळेल, असा आपला प्रश्न आहे.

विकसनशील देशांना या कामासाठी अर्थसाहाय्य देण्याची जबाबदारी श्रीमंत देशांनी १९९२ च्या जैवविविधता करारात स्वीकारली असून, डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे २०३० पर्यंत वर्षाला किमान ३० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. कराराची अधिकृत वित्तीय यंत्रणा म्हणजे जागतिक पर्यावरण सुविधा. तिचे मोठे प्रकल्प सरकारच्या संमतीने चालतात, म्हणून आपण तिच्या लघु अनुदान कार्यक्रमाकडे पाहावे.

खरी अडचण कायद्याची आहे. परदेशी निधीसाठी एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत मोठ्या संस्थेलाही असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तेव्हा पुण्या-बंगळुरूच्या एखाद्या संस्थेकडून वाटा मिळेल, या भरवशावर योजना आखू नये. जैविक नमुने घेणाऱ्या परदेशी संशोधकाला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि अभयारण्यातील कामासाठी वन खात्याची परवानगी वेगळी.

अंदाजपत्रकात स्थानिकांचे मानधन प्रथम लिहावे, असा माझा आग्रह आहे. रानवाटा आणि बेडकांचे आवाज ओळखणाऱ्या गावकऱ्याचे ज्ञान फुकट घेणे मला अन्यायाचे वाटते, आणि शोधनिबंधातही त्याचे नाव यायला हवे.