दावणीचा हिशेब आधी करा

पूरप्रवण तालुक्यात कंत्राटी आपत्ती व्यवस्थापन अधिकारी म्हणून आपली पहिलीच नेमणूक झाली आहे आणि इशारा देऊनही लोक घर सोडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. ते वाचून मला 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवला.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आपणास ठाऊक असेलच. माझी चूक निराळीच होती. आराखड्यात माणसांसाठी मंगल कार्यालये ठरवली, मात्र जनावरांपुढे मी ‘सोय स्थानिक पातळीवर करावी’ एवढेच लिहिले. म्हणजे ती कोणीच करायची नव्हती. उंचावरची जागा आणि वैरण यांसाठी एका कार्यालयाला जूनमध्ये पत्र दिले, तेव्हा ‘पूर आल्यावर प्रस्ताव सादर करावा’ असे उत्तर आले. पूर आला, तेव्हा प्रस्ताव घेऊन जायला रस्ताच उरला नव्हता. दावणीला दुभत्या म्हशी ठेवून कोण निघेल? शिवाय 2005 च्या पुराचे पाणी अमुक पायरीलाच थांबले होते, हा प्रत्येकाचा दाखला. पाणी ती पायरी ओलांडून गेले आणि रुग्णांसाठी राखलेल्या बोटींच्या फेऱ्या गोठ्यात अडकलेल्यांना आणण्यात गेल्या.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपल्यासारख्यांच्या हाती बहुधा विनंतीच असते. म्हणून ती मे महिन्यातच, लेखी आणि पोच घेऊन करावी. जनावरांचा अंदाज घेण्यासाठी गावच्या दूध संस्थेच्या सचिवांना भेटावे, असे माझे ठाम मत आहे. भाकड जनावरे आणि रेडके त्यांच्या वहीत नसतात, ती वेगळी विचारावीत. बंधाऱ्यावरचे फूट सांगण्याऐवजी, तेवढ्या पातळीला गावातल्या देवळाच्या कोणत्या पायरीला पाणी लागते, ते सांगावे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की नाही, हा वाद चावडीवर खुशाल घालावा, नियंत्रण कक्षात नको.

हा अनुभव पंचगंगाकाठच्या एका गावाचा आहे. कृष्णा-पंचगंगा संगमाकडे, नृसिंहवाडीच्या बाजूला, पाणी लवकर ओसरत नाही, त्यामुळे तिथे वैरण अधिक दिवसांची धरावी लागेल. जाता जाता एक: स्थलांतरापूर्वी जनावरांच्या कानातील बिल्ल्यांची छायाचित्रे मालकांना काढून ठेवायला सांगा, वाहून गेलेल्या म्हशीचा पंचनामा करताना ती होती, हेच आधी सिद्ध करावे लागते.