पेनाने तीनदा अधोरेखित केलेली ओळ

तिने रिपोर्ट उलगडून समोर ठेवला. ‘पी 16 पॉझिटिव्ह’ या शब्दांखाली पेनाने तीनदा रेघ मारलेली होती, कागद फाटेल इतकी जोरात. वरच्याच ओळीतलं ‘सीआयएन 1’, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींतला सगळ्यात सौम्य बदल, मात्र कोरं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, गर्भपिशवी काढूनच टाकते. पॉझिटिव्ह आलंय म्हणजे आज ना उद्या कॅन्सर होणारच ना?”

पहिल्या भेटीत मी चूक केली. तिला आकडे सांगितले. उपचार न केलेल्या सीआयएन 1 पैकी 100 मध्ये निम्म्याहून जास्त बदल आपोआप मावळतात, काही तसेच राहतात, साधारण 10 पुढे सीआयएन 3 या सगळ्यात गंभीर पायरीपर्यंत जातात आणि प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत जेमतेम एक. तिने त्यातला फक्त ‘10’ उचलला आणि घरी नेला. घाबरलेल्या माणसाला टक्केवारी सांगणं म्हणजे बहुतेक वेळा आपलीच सुटका करून घेणं असतं.

दुसऱ्या वेळी आम्ही त्या प्रथिनाबद्दलच बोललो. पी 16 हे पेशीचं स्वतःचं प्रथिन, विषाणूचं नाही. पेशी फार वेगाने विभागू नये म्हणून ते ब्रेकसारखं काम करतं. हे बदल घडवणाऱ्या, लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचं ई 7 नावाचं प्रथिन, हा ब्रेक जिथे लागतो ती जागाच निकामी करतं. मग पेशी ब्रेक आणखी आणखी दाबत राहते, पी 16 साठत जातं आणि चाक मात्र थांबत नाही. तपासणीत पी 16 साठलेल्या पेशी रंगतात; पॅथॉलॉजिस्टला रंग दिसतो तो या दाबलेल्या ब्रेकचा. म्हणूनच काही ठिकाणी पी 16 सोबत केआय-67 बघतात. हे प्रथिन विभागणीत गुंतलेल्या पेशीत असतं. दोन्ही एकाच पेशीत सापडली, तर ब्रेक दाबलेला असूनही चाक फिरतंय, असा अर्थ.

“म्हणजे माझं फिरतंय?”

“विषाणू तिथे काम करतोय, एवढं दिसतंय. तो पुढे जाणार की आपलं शरीर त्याला हाकलणार, हे त्या रंगात लिहिलेलं नसतं.”

सीआयएन 1 मध्ये पी 16 पॉझिटिव्ह येणाऱ्या कितीतरी जणींचा बदल पुढे मावळतो. या तपासणीचा खरा उपयोग सूक्ष्मदर्शकाखाली सीआयएन 2 वाटतोय पण खात्री नाही, अशा वेळी. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2012 मध्ये सीआयएन 1 साठी ती सरसकट करू नये असंच सुचवलं होतं. माझं मत विचाराल तर अशा रिपोर्टात नुसता ‘पॉझिटिव्ह’ लिहून बाईच्या हातात देऊ नये. सोबत दोन वाक्यं तरी बोलावीत.

गर्भपिशवीचा विषय तिच्या डॉक्टरांनीच मिटवला: सीआयएन 1 साठी ती काढत नाहीत. वर्षभराने एचपीव्ही तपासणी, गरज पडली तर पुन्हा कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख बघणं. आधीच्या पॅप तपासणीत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन केलेल्या चाचणीत, जास्त गंभीर बदल दिसले असते तर वेळापत्रक वेगळं ठरलं असतं.

उठता उठता ती दाराशी थांबली. खरा प्रश्न बहुतेकदा दाराशीच येतो.

“हे कधी आलं असेल? लग्नाला 9 वर्षं झाली. नवऱ्याला विचारू का?”

मी तिला परत बसवलं. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो आणि मग तपासणीत दिसू शकतो. तो लग्नाआधीचा की नंतरचा, तिच्याकडून की त्याच्याकडून, हे पी 16 सांगत नाही, दुसरी कुठलीही तपासणीही नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो.

ती बराच वेळ रिपोर्टकडे बघत राहिली. मग माझं पेन मागितलं आणि ‘सीआयएन 1’ खाली एक रेघ ओढली.

“त्यांना पुढच्या वेळी सोबत आणू? मला नाही सांगता येणार हे सगळं.”

आम्ही तारीख ठरवली.