अजून किती वर्षे व्यायाम?

"ताई, सतरा वर्षे हातपाय ताणतेय. तो बसला नाही, उभा राहिला नाही. आता थांबवले तर काय बिघडेल?" एका आईने मला असे विचारले. तिच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असून दोन्ही हात आणि दोन्ही पाय ताठ आहेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर देण्याऐवजी मी तिला सकाळची आंघोळ कशी होते ते सांगायला लावले. डावी मूठ इतकी घट्ट मिटलेली असते की तळवा धुता येत नाही, नखे आत रुततात आणि घामाचा आंबट वास येतो, असे सांगता सांगता ती थांबली. "उन्हाळ्यात बोटे उघडायची," ती हळूच म्हणाली. रिक्षाचे भाडे परवडेना म्हणून फिजिओथेरपी बंद होऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

मेंदूची मूळ इजा वाढत नाही, पण वाढत्या वयात हाडे लांबतात आणि ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, त्यामुळे सांधे आखडतात, खुब्याचा सांधा सरकू शकतो, पाठीचा कणा वाकतो आणि त्याचा भार श्वासावरही पडतो. म्हणून आता व्यायाम चालण्यासाठी नव्हता. लंगोट बदलताना मांड्या फाकाव्यात, चाकाच्या खुर्चीत नीट बसता यावे, छातीतला कफ सुटावा, यासाठी तो होता. हे तिला इतक्या वर्षांत कोणी स्पष्ट सांगितले नव्हते, आणि हा दोष मी आम्हा व्यावसायिकांचाच मानते. ती खूप रडली. प्रत्येक व्यायामाबरोबर ती त्याच्या पहिल्या पावलाची वाट पाहत आली होती, आणि त्या दुःखासाठी आम्ही पुढच्या दोन भेटी राखून ठेवल्या.

मग फिजिओथेरपिस्टशी बोलून घरचा क्रम बसवला. आंघोळीनंतर अंग ऊबदार असताना सावकाश ताण द्यायचा, रात्री हाताला स्प्लिंट (बोटे उघडी ठेवणारा आधार) बांधायचा आणि महिन्यातून एकदा तपासणीला जायचे. जोर मात्र कधीच लावायचा नाही, कारण कधी उभ्या न राहिलेल्या मुलांची हाडे ठिसूळ असतात. अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. तो अर्जही भरला. तिची कंबर धरली होती, म्हणून मुलाला उचलण्याची योग्य पद्धत वडील शिकले.

चार महिन्यांनी त्या मुठीत तिची दोन बोटे जाऊ लागली. आता दर रविवारी वडील त्याची नखे कापतात.